हॅवलॉकचा कोरडा दिवस: डाइव्हिंगच्या सहलीचा शेवटचा दिवस कसा आखावा

"दीदी, फ्लाइट कब की है?"

बोट सुटायच्या बेतात होती. वेटसूट कमरेपर्यंत चढवून मी फळीवर बसले होते आणि इन्स्ट्रक्टरने जाता जाता विचारलं. उद्या सकाळी साडेसातची, मी सांगितलं. त्याने घड्याळ पाहिलं, बोटांवर तास मोजले आणि काही न बोलता माझा सिलिंडर उचलून बाजूला ठेवला. दुपारी अडीचला आम्ही वर येणार होतो. तिथून साडेसातपर्यंत सतरा तास होतात आणि डाइव्हनंतर विमानात बसायला लागतात किमान अठरा. ज्या एजंटने माझी सहल आखली त्याने "विमान दुसऱ्या दिवशी आहे, म्हणजे काळजी नाही" असं ठामपणे सांगितलं होतं आणि मी ते मान्यही केलं होतं. ती दुपार मी बोटीवर बसून काढली. बाकीच्यांचे बुडबुडे वर येताना बघत होते आणि मनातून चिडले होते. त्या इन्स्ट्रक्टरने माझ्यावर केवढे उपकार केले हे कळायला पुढचा कोर्स करावा लागला.

म्हणूनच अंदमानच्या हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) पहिल्यांदा डाइव्हिंग करायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी शेवटच्या दिवसाबद्दल विचारते. पाण्यात उतरण्याची काळजी घ्यायला इन्स्ट्रक्टर असतो. शेवटच्या दिवशी तुम्ही एकटे असता आणि शरीर अजून पुरतं वर आलेलं नसतं. डाइव्हच्या शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो त्याला आपण सेफ्टी स्टॉप म्हणतो. शेवटचा दिवस हाही तसाच थांबा आहे, फक्त तो जमिनीवर घ्यायचा असतो.

आधी तिकीट, मग डाइव्ह: उलटी मोजणी

कागद-पेन घ्या. पोर्ट ब्लेअरहून (आताचं श्री विजयपुरम) विमान उडण्याची वेळ सगळ्यात वर लिहा आणि तिथून मागे २४ तास मोजा. त्या वेळेपर्यंत तुमचं डोकं शेवटच्या डाइव्हनंतर पाण्याबाहेर असायला हवं. घड्याळ पाण्याबाहेर आल्यापासून चालू होतं. डाइव्ह कधी सुरू झाली किंवा बोट किनाऱ्याला कधी लागली, याचा इथे संबंध नाही.

डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना जगभर वापरतात. एकच डाइव्ह केली असेल आणि ती साधी, म्हणजे वर येताना सक्तीचे डीकम्प्रेशन थांबे न लागणारी असेल, तर किमान १२ तास थांबायचं. दिवसात एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या, तर किमान १८ तास. डीकम्प्रेशनचे थांबे घ्यावे लागले असतील तर १८ हूनही बरेच जास्त. सहलीला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण मधल्या गटात मोडतो, कारण तीन-चार दिवस रोज दोन डाइव्ह हा हॅवलॉकचा नेहमीचा बेत असतो. हे आकडे कमीत कमीचे आहेत. ते पाळले म्हणजे धोका शून्य झाला असा त्यांचा अर्थ नाही, म्हणून बहुतेक डाइव्ह सेंटर सरसकट २४ तास धरतात. नवशिक्यांनीही तेवढेच धरावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

एक उदाहरण घेऊ. रविवारी सकाळी साडेअकराचं विमान आहे. मागे २४ तास म्हणजे शनिवार सकाळी साडेअकरा. सकाळची दोन डाइव्हची बोट सातच्या सुमारास निघते आणि दुसरी डाइव्ह संपेपर्यंत अकरा सहज वाजतात. कागदावर हे जेमतेम बसतं. पण बोट उशिरा निघाली किंवा दोन डाइव्हमधली विश्रांती लांबली, तर गेलं. शिवाय विमान कंपनीने वेळ एक तास अलीकडे आणली, तर तुम्ही काय करणार? म्हणून शेवटची डाइव्ह शुक्रवारी आणि शनिवार पूर्ण कोरडा. सहल सहा दिवसांची असेल तर डाइव्हिंग चार दिवसांचं धरा. पैसे वाया गेले असं वाटू देऊ नका. हा कोरडा दिवस भरपूर भरलेला असतो, पुढे सांगतेच.

एवढं थांबायचं कशासाठी

आपण सिलिंडरमधून श्वास घेतो ती साधी हवाच असते आणि तिच्यात सुमारे ७९ टक्के नायट्रोजन असतो. दर दहा मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. ओपन वॉटर या सुरुवातीच्या कोर्सची मर्यादा १८ मीटर, तिथे दाब जमिनीच्या २.८ पट होतो. त्या दाबाखाली नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या पेशींत विरघळत राहतो. रक्तात तो पटकन मुरतो आणि पटकन निघतो. चरबी आणि सांध्यांसारख्या जागी सावकाश मुरतो आणि त्याहून सावकाश निघतो. मटकी भिजायला एक रात्र पुरते, पण भिजलेली मटकी पुन्हा खडखडीत वाळवायची तर दोन उन्हं लागतात, तसंच हे. त्यात रोज दोनदा भिजवली तर विचारायलाच नको.

आता विमान. पस्तीस हजार फुटांवर उडत असलं तरी आत दाब राखलेला असतो, पण तो जमिनीवरच्या इतका नसतो. केबिनमधली हवा ६ ते ८ हजार फुटांवरच्या डोंगरावर असावी तितकी विरळ असू शकते. आठ हजार फूट म्हणजे सुमारे २,४०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. त्याच्या जवळजवळ दीडपट उंचीवर तुम्ही अर्ध्या तासात जाऊन बसता, खुर्चीतून न उठता. बाहेरचा दाब एवढा घटला की उरलेला नायट्रोजन निवांत फुफ्फुसांतून निघून जाण्याऐवजी जागच्या जागी बुडबुडे धरू शकतो. सांध्यात, कातडीखाली किंवा मज्जारज्जूतही. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

इथे आपल्याकडच्या लोकांसाठी थोडं थांबून सांगते. तारकर्ली-मालवणला डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडी काढणारे खूप आहेत. उंचीचा नियम विमानापुरता नाही. या सूचना साधारण ६०० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात आणि आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे. बेळगाव तर त्याहून वर. मालवणची पर्यटकांसाठीची डाइव्ह उथळ आणि थोडा वेळच असते, त्यामुळे धोका कमी असतो हे खरं. तरीही सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी घाट असा बेत मी कोणाला सुचवणार नाही. एक रात्र किनाऱ्यावर काढा, मासे खा, सकाळी निघा.

शेवटच्या डाइव्हची संध्याकाळ: सामान धुणं

कोरड्या दिवसाची तयारी आदल्या दिवशी बोटीतून उतरल्या उतरल्याच सुरू होते. भाड्याचं सामान डाइव्ह सेंटर धुतं. स्वतःचं असेल ते, निदान मास्क आणि खोली-वेळ मोजणारा मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर तरी, स्वतः धुवा. आणि तिथल्या मुलांना विचारून भाड्याचं बीसीडीही (पाण्यात तरंगायला हवा भरायचं जॅकेट) एकदा स्वतःच्या हाताने धुऊन बघा. एकदा केलं की ते कसं काम करतं हे कायमचं डोक्यात बसतं.

बीसीडी बाहेरून धुणं सोपं आहे. खरं काम आत असतं. डाव्या खांद्यावरून येणारी पन्हळीदार नळी हातात घ्या, तोंड वर धरा, हवा सोडायचं बटण दाबून ठेवा आणि त्यातून गोडं पाणी आत ओता. पिशवी साधारण पाव-एक भरली की तोंडाने हवा फुंकून फुगवा. आता दोन्ही हातांनी धरून हलवा, उलटं करा, पुन्हा सुलटं करा. आत पाणी खळखळतंय हे ऐकू येतं. मग नळी खाली येईल असं टांगून धरा आणि बटण दाबा. पहिल्या धारेची चव घेऊन बघा, खारट लागते. दिवसभरात बटण दाबताना थोडं थोडं समुद्राचं पाणी आत गेलेलं असतं आणि ते वाळलं की मिठाचे खडे होऊन आतला कप्पा कुरतडतात. धार गोडी लागेपर्यंत दोनदा-तीनदा करा. शेवटी अर्धं फुगवून सावलीत टांगा.

रेग्युलेटरच्या, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राच्या बाबतीत एकच चूक महाग पडते. सिलिंडरला जोडायच्या तोंडावर एक छोटं झाकण असतं. ते आधी कोरडं करायचं आणि घट्ट बसवायचं, मगच रेग्युलेटर पाण्यात सोडायचा. आणि रेग्युलेटर सिलिंडरला न जोडता पाण्यात असताना तोंडाच्या भागावरचं पर्ज बटण दाबायचं नाही. दाबलं की झडप उघडते आणि पाणी नळीतून थेट सिलिंडरकडच्या भागापर्यंत जातं. ज्याच्यावर आपला श्वास अवलंबून, त्याच्यात गंज.

वेटसूट आतून बाहेर उलटून, जाड खांद्याच्या हँगरवर, सावलीत. ऊन लागलं की निओप्रीन कडक होतं आणि तारेच्या बारीक हँगरने खांद्याला कायमची घडी पडते. एक विनंती. बेटावर गोडं पाणी जपून वापरावं लागतं, म्हणून सेंटरच्या टबात सगळ्यांचं सामान एकत्र बुचकळतात. नळ सोडून एकट्यासाठी बादल्या भरू नका.

लॉगबुक त्याच रात्री

लॉगबुक म्हणजे प्रत्येक डाइव्हची नोंद ठेवायची वही. आठवडाभराने लिहू म्हणाल तर सगळ्या डाइव्ह एकमेकींत मिसळून जातील. मी पहिल्या सहलीत तेच केलं आणि आज त्यातल्या दोन पानांवर फक्त तारीख आहे.

एका पानावर एवढं हवं: जागेचं नाव, तारीख, जास्तीत जास्त खोली, किती मिनिटं, सिलिंडरचा दाब सुरुवातीला आणि शेवटी, पाण्याचं तापमान, किती लांबचं दिसत होतं, वेटसूट किती मिलिमीटरचा आणि खाली जायला कमरेला किती किलो वजन. माझं एक पान असं आहे: "लाइटहाउस. १४ मीटर. ४६ मिनिटं. २०० ने सुरू, ६० वर वर आले. पाणी २९ अंश. ३ मिमी. ५ किलो, एक किलो जास्त वाटलं." शेवटचे चार शब्द सगळ्यात कामाचे निघाले. पुढच्या वेळी दुसऱ्या सेंटरमध्ये "किती वजन लावू?" असं विचारल्यावर मी एका झटक्यात चार म्हणाले आणि पाण्यात छान तरंगले.

माशांची नावं आपल्या भाषेत लिहा, इंग्रजी पुस्तकातून शोधत बसायची गरज नाही. कोकणातल्या माणसाला गोबरा, तांबोशी, पाकट ओळखीचेच असतात, फक्त ते बाजारातल्या टोपलीत पाहिलेले असतात. वाळूत पुरलेलं पाकट, फक्त दोन डोळे वर, आणि मग एकदम वाळूचा ढग उडवून गेलेलं. "पाकट, लाइटहाउसच्या वाळूत" एवढं लिहिलं तरी वीस वर्षांनी ते जसंच्या तसं समोर येतं.

सकाळी सेंटरवर जाऊन इन्स्ट्रक्टरची सही आणि शिक्का घ्या. कोर्स केला असेल तर प्रमाणपत्रासाठी तुमचं नाव, जन्मतारीख आणि फोटो नीट गेलाय का ते त्याच्यासमोर बसून तपासा. मराठी आडनावांच्या इंग्रजी स्पेलिंगचे हमखास घोळ होतात आणि घरी आल्यावर फोनवरून दुरुस्ती करून घेणं जिकिरीचं असतं.

सेंटरचा हिशेब रोखीने मिटवा. बेटावर नेट कधी दगा देईल सांगता येत नाही आणि यूपीआय अडकलं की जेट्टीची वेळ गाठताना धांदल होते. बोटीवरच्या मुलांना काही द्यायचं असेल तर त्यांच्या हातात द्या. तुमचे सिलिंडर भल्या पहाटे बोटीवर चढवणारे तेच असतात. हॅवलॉकच्या कित्येक जुन्या डाइव्ह मार्गदर्शकांत करेन समाजाची माणसं आहेत. शंभरेक वर्षांपूर्वी ब्रह्मदेशातून येऊन मध्य अंदमानात वसलेला हा समाज आहे आणि पाण्यातली त्यांची सहजता बघत राहावी अशी असते. आणि गावात तुम्हाला चहा देणारे बहुधा बंगाली असतील. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना इथे वसवलं होतं.

कोरडा दिवस: काय करायचं, काय नाही

पाणी प्या. शरीरात पाणी कमी असणं हे डीकम्प्रेशन सिकनेसला पोषक मानतात आणि उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, बोटीवर आपण दिवसभर कोरडे पडत असतो. शहाळी मुबलक मिळतात, प्या. शेवटच्या रात्रीची मद्याची पार्टी मात्र टाळा. एक तर पाणी आणखी कमी होतं, आणि दुसरं म्हणजे सकाळी डोकं दुखलं, गरगरलं तर ते कशाने हे ओळखता येत नाही. अंग रगडून घेण्याचा मसाजही याच कारणासाठी पुढे ढकला. स्नायू दुखले तर मसाजमुळे की बुडबुड्यांमुळे, हा घोळ नको.

दमछाक होईल असा व्यायाम, वजन उचलणं नको. पॅरासेलिंग, हेलिकॉप्टर, उंचीवर नेणारं काहीही नको. वरवर तरंगत स्नॉर्केलिंग चालतं, पण श्वास रोखून पुन्हा पुन्हा खाली डुबक्या मारायच्या नाहीत. पोरांना हे आवर्जून सांगावं लागतं, कारण चार दिवस डाइव्ह करून त्यांना वाटतं की आता आपल्याला सगळंच जमतं.

हॅवलॉकचा राधानगर किनारा शेवटच्या डाइव्हनंतरच्या संध्याकाळसाठी राखून ठेवा, पण वेळेत निघा. मुंबई-पुण्याच्या घड्याळाने साडेसहाला सूर्यास्त बघायला जाल तर अंधार भेटेल. अंदमान सुमारे ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे, मुंबई ७३ वर. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे सूर्य तिथे साधारण ८० मिनिटं आधी मावळतो, थंडीत तर पाचच्या सुमारास. चारला वाळूवर पोचलेलं बरं. पोहायचं असेल तर जीवरक्षकांनी आखून दिलेल्या भागातच. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, फलक वाचा आणि त्यांना गांभीर्याने घ्या.

आणि वाळूवरचा शंख उचलू नका. कितीही सुंदर असला तरी. एकदा माझ्या भाचीने एक तपकिरी, बोटभर शंख उचलून तळहातावर ठेवला आणि आम्ही वाकून बघत होतो. मिनिटभर काही नाही. मग कडेने एक पाय आला, दुसरा आला, दोन काळे टिपके डोळे बाहेर आले आणि शंख तिच्या अंगठ्याकडे चालायला लागला. आत खेकडा होता. ती मऊ पाठीची जात रिकाम्या शंखांवरच जगते, वाढली की मोठा शंख शोधते. तुमच्या शोकेसमधला प्रत्येक शंख म्हणजे त्यांच्यातल्या एकाचं न मिळालेलं घर. प्रवाळाचा तुकडा तर मेलेला, पांढरा पडलेला असला तरी नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळांना संरक्षण आहे, विमानतळावर सामान तपासतात आणि "मुलाने खिशात घातला" हे कारण चालत नाही. निघण्याआधी मुलांच्या बॅगा स्वतः उपसून बघा.

शरीराकडे लक्ष

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. डीकम्प्रेशन सिकनेस क्वचित होतो. पण झाला तर तो ओळखण्याचा दिवस हाच, कारण लक्षणं बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत आणि साधारणपणे २४ तासांच्या आत दिसतात. खांदा, कोपर, गुडघा यांत खोलवर दुखणं. हातापायांना मुंग्या, बधिरपणा. न समजणारा प्रचंड थकवा. कातडीवर खाज किंवा जांभळट चट्टे. तोल जाणं, चक्कर, पायात जोर नसणं, लघवीला न होणं.

सगळ्यात मोठी अडचण आपल्या मनाची असते. "सिलिंडर उचलला म्हणून खांदा दुखतोय" असं म्हणून माणूस गप्प बसतो, कारण सहलीचा रंग घालवायचा नसतो. असं करू नका. यातलं काहीही जाणवलं तर लगेच डाइव्ह सेंटरला कळवा. तिथे ऑक्सिजनचा सिलिंडर असतो आणि शुद्ध ऑक्सिजन हा पहिला उपचार आहे. आडवं पडायचं, विमान रद्द करायचं आणि पाण्यात परत उतरून बरं होईल हा विचार पूर्णपणे सोडायचा. पुढचा उपचार दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत होतो आणि अंदमानात त्याची सोय पोर्ट ब्लेअरला नौदलाकडे आहे. तिथवर पोचवायची व्यवस्था सेंटर आणि डॉक्टर करतात, तुमचं काम वेळेवर तोंड उघडणं. निघण्याआधी घरीच विम्याची पॉलिसी वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत स्कूबा वगळलेलं असतं.

कानाचं वेगळं. चार दिवस खारं पाणी जाऊन कान ओलसर राहतो आणि नुसता पाळीला हात लावला तरी दुखतो, तेव्हा बाहेरच्या कानाला संसर्ग झालेला असू शकतो. कान गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, टॉवेलने बाहेरून टिपा. काडी नको, गरम तेल नको. कान गच्च बसलाय, ऐकू कमी येतंय, खाली उतरताना दाब सुटत नव्हता, असं असेल तर उडण्याआधी डॉक्टरांना दाखवा. विमान उतरताना तोच कान पुन्हा दाबला जातो.

फेरी, पोर्ट ब्लेअर आणि एक संध्याकाळ

फेरी आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. हॅवलॉकहून खाजगी फेरीने पोर्ट ब्लेअर दीडेक तास, सरकारी बोटीला त्याहून जास्त. कोरड्या दिवशी दुपारपर्यंतची फेरी घेऊन रात्र पोर्ट ब्लेअरला काढणं सगळ्यात निर्धोक. राधानगरचा सूर्यास्तही हवा असेल तर तो आदल्या संध्याकाळी, शेवटच्या डाइव्हनंतर बघून घ्या. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

संध्याकाळ सेल्युलर जेलसाठी ठेवा. १९०६ मध्ये बांधून झालेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकर १९११ मध्ये इथे आले आणि दहा वर्षं राहिले. त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथेच होते आणि कित्येक दिवस दोघांना एकमेकांची खबर नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कोठडीत मराठी माणूस आवाज न करता उभा राहतो, हे मी प्रत्येक खेपेला पाहिलंय. गच्चीवर जा. चार दिवस ज्या निळ्या पाण्यात आपण सुखाने श्वास घेत होतो तेच पाणी तिथून दिसतं, आणि त्यालाच इथले कैदी काळं पाणी म्हणत. मला त्या गच्चीवरून नेहमी लवकर निघायला होत नाही.

बॅग आणि घर

मास्क कडक डब्यात, कॉम्प्युटर हातातल्या बॅगेत. डाइव्ह टॉर्चची बॅटरी काढून ठेवा, सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या असतात. डाइव्हचा चाकू असेल तर तो चेक-इन बॅगेत. निघण्याआधी कॉम्प्युटरकडे एकदा बघा. बऱ्याच कॉम्प्युटरवर विमानाचं चिन्ह किंवा उडायला उरलेले तास दिसतात. चिन्ह अजून असेल आणि तुमची मोजणी वेगळं सांगत असेल, तर जी सावध तिचं ऐका.

घरी पोचल्यावर दोन दिवस अंगाकडे लक्ष ठेवा. काही खटकलं आणि डॉक्टरांकडे गेलात तर पहिलं वाक्य "मी नुकतंच स्कूबा डाइव्हिंग करून विमानाने आलोय" हेच असू द्या, किती डाइव्ह, किती खोल आणि शेवटची कधी हे लॉगबुक दाखवून सांगा. आपल्या गावातल्या डॉक्टरांसमोर असा रुग्ण रोज येत नाही, तुम्ही सांगितलं नाही तर त्यांच्या मनातही येणार नाही.

मग सामान पुन्हा एकदा धुवा. घाईत धुतलेल्या वेटसूटच्या घोट्यातून बाथरूमच्या फरशीवर हॅवलॉकची पांढरी वाळू निघते, दर वेळी. मास्कची कड कापडाने टिपून दोन दिवस पंख्याखाली राहू द्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका.